फाटकाबाहेरचा हिस्सा

आमच्या चर्चच्या दानधर्माचं कुणी कौतुक करायला लागलं की मी उठून जाते. निदान इतकी वर्षं तरी उठून जात होते. पाहुणे येतात, बीडहून, जालन्याहून, कधी थेट पुण्याहून. पाळकसाहेब त्यांना दगडी भिंती दाखवतात, घंटा दाखवतात आणि मग फाटकाबाहेरच्या हिश्श्याची गोष्ट सांगायला घेतात. पाहुण्यांचे डोळे पाणावतात. माझं डोकं उठतं.

गोष्ट तशी साधी आहे. पाटोद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं छोटं चर्च आहे, साठेक घरांची मंडळी. त्यात शिक्षक आहेत, नर्सबाया आहेत, अंगणवाडीच्या मदतनीस आहेत, दोन-चार एकरवाले आहेत आणि कोयता घेऊन साखर कारखान्याला ऊसतोडीला जाणारेही आहेत. ही कोयत्यावरची माणसं निघायच्या आधी एका रविवारी आमच्याकडे कापणीचा सण होतो. ज्याच्या घरी जे आलं असेल ते त्यानं आणायचं. बाजरी, मूग, सोयाबीन, सीताफळांची पाटी, कोहळा, गावरान कोंबडी, कुणी नुसती चार अंडी. उपासना झाली की लिंबाच्या झाडाखाली त्या सगळ्याचा लिलाव. बोली लावणारा हौसेनं लावतो, आणि घेतलेली वस्तू पुष्कळदा तिथंच परत देऊन टाकतो. मग तीच पुन्हा विकायची. एकदा एक कोहळा पाच वेळा विकला गेला आणि शेवटी तो पाळकसाहेबांच्या घरी शिजला.

लिलावात जे येतं त्याचे तीन हिस्से होतात. एक इमारतीचा, एक पाळकांच्या पगाराचा आणि तिसरा फाटकाबाहेरचा. म्हणजे तो चर्चनं स्वतःसाठी वापरायचा नाही. ज्याला गरज आहे त्याला द्यायचा, मग तो मंडळीतला असो नाहीतर नसो. ऊसतोड मजुरांची मुलं मागं राहतात त्या वसतिगृहाला एका वर्षी त्यातून चादरी गेल्या. एका वर्षी बसस्टँडजवळच्या मुसलमान फळवाल्याचा गाडा जळाला होता, त्याला नवा गाडा गेला. इथपर्यंत मला काही म्हणायचं नाही. हे चांगलंच आहे, आणि वाईट माणसांच्या हातूनही चांगलं होतं एवढं मला कळतं.

माझं भांडण होतं ते पुढच्या रविवारशी. त्या रविवारी घेणाऱ्याला पुढं बोलवायचं. वेदीच्या खाली एक पायरी आहे, तिच्यावर उभं करायचं. मग थोरले पंच, म्हणजे आमच्या पंच कमिटीचे प्रमुख, कागद वाचणार. नाव, नवऱ्याचं नाव, काय अडचण, कशासाठी किती दिलं. अख्खी मंडळी म्हणणार, आमेन. घेणाऱ्यानं हात जोडायचे, मंडळीचे आभार मानायचे आणि खाली उतरायचं. हल्ली यात फोटोची भर पडली होती. दुपारच्या जेवणाआधी तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, खाली हात जोडलेल्या तीसेक खुणा.

मी त्या पायरीवर पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा नऊ वर्षांची होते. वडील त्याच उन्हाळ्यात वारले होते. आई, मी आणि धाकटी बहीण. त्या वेळचे थोरले पंच म्हणजे आताच्या थोरल्या पंचांचे वडील. त्यांनी आमच्या घरात खायला काय आहे आणि काय नाही ते खणखणीत आवाजात वाचलं. ज्वारीचं पोतं मिळालं आणि शाळेच्या गणवेशासाठी निळ्या चौकड्याचं कापड मिळालं. आईनं दोघींना झगे शिवले. शाळेत पंचांच्या पुतणीनं माझी बाही चिमटीत धरून सगळ्या वर्गाला सांगितलं, "हे आमच्या चर्चचं कापड आहे. आमच्या काकांनी दिलंय." घरी येताना मी ती बाही बाभळीच्या काट्यावर मुद्दाम फाडली. आईनं मला बडवलं आणि बाही शिवून तोच झगा दुसऱ्या दिवशी माझ्या अंगात घातला.

चार वर्षं आम्ही त्या पायरीवर चढलो. आई कधी त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. ती लाजेनं बोलत नाही असं मी धरून चालले. मी मोठी झाले, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले, माझे पैसे सुरू झाले आणि तिसऱ्या हिश्श्यात मी दरवर्षी भरपूर टाकत राहिले. पण देण्याच्या रविवारी मी चर्चला जात नसे. त्या दिवशी मला हटकून ताप यायचा.

निवृत्त झाले त्या वर्षी कमिटीत दोन बायका घ्यायच्या असं ठरलं आणि त्यातली एक म्हणून मला घेतलं. थोरल्या पंचांना मी नको होते, हे त्यांनी लपवलं नाही. सरकारी नोकरीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला माणूस, बापाचा आवाज जसाच्या तसा उचललेला, आणि बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघायची सवय. मला ते लहानपणापासून आवडत नाहीत. आजही आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी त्यांच्याबद्दल काही बरं लिहिलं तर ते किती जड हातानं लिहिलंय ते कळेल.

पहिल्याच बैठकीत मी विषय काढला. म्हटलं, नावं वाचणं बंद करा. पायरी बंद करा. फोटो तर आधी बंद करा.

"बाई, ही आजची पद्धत न्हाई," थोरले पंच म्हणाले. "माझ्या आज्यापासून चालत आलीय. लोकांनी दिलंय, लोकांला कळलं पायजे कुठं गेलं."

"कळायला कागद चिकटवा भिंतीवर. माणूस कशाला उभा करता?"

"पारदर्शकता म्हणत्यात त्याला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बरं," मी म्हणाले, "मग यंदा तुम्ही उभे राहा. तुमच्या थोरल्या मुलाला नोकरीला लावायला कुणाकुणाच्या दारात किती हेलपाटे घातले, कुणाचे पाय धरले, ते मी वाचते. मंडळी आमेन म्हणेल. पारदर्शकता."

पाळकसाहेबांना खोकला आला. ते गरीब माणूस आहेत, त्यांना भांडणाचा त्रास होतो. शास्त्रातही दान गुप्तपणे करायला सांगितलंय, असं ते हळूच म्हणाले, आणि मी तेवढा धागा घट्ट धरला. एका मताच्या फरकानं ठराव झाला. तो मीच लिहिला. नाव वाचायचं नाही, पायरीवर बोलवायचं नाही, फोटो नाही. हिस्सा पाकिटात घालून पंचानं घरी नेऊन द्यायचा. पाकिटावर नाव नको, कारण नको, आकडा नको. दुसऱ्या बाईंनी सुचवलं की सरळ खात्यावर टाकू. त्यालाही मी नाही म्हटलं. पैसे जमा झाले की घरातल्या फोनवर मेसेज येतो, तो भलताच कुणीतरी वाचतो आणि गावभर होतं. इतकी मी पक्की होते.

हे सगळं करताना माझ्या डोळ्यांसमोर एकच बाई होती. आमच्या मागच्या गल्लीतली विधवा, अंगणवाडीत मदतनीस, दिराच्या घरात एका खोलीत राहणारी. मी तिला वैनी म्हणते. तिची एकुलती एक मुलगी अंबाजोगाईला नर्सिंग शिकत होती. तीन वर्षांचा कोर्स, दोन वर्षं झालेली, शेवटचं राहिलेलं. दोन्ही वर्षांची फी फाटकाबाहेरच्या हिश्श्यातून गेली होती आणि दोन्ही वर्षं ही मायलेक पायरीवर उभी राहिली होती. मागच्या वर्षीचा फोटो माझ्या फोनमध्ये आला तेव्हा मी तो मोठा करून बघितला. मुलीची मान खाली, आईचे हात जोडलेले. मला माझी आई दिसली. या बाईला मी त्या पायरीवरून खाली उतरवणार, असं मी त्याच दिवशी ठरवलं होतं. वैनीला विचारलं का? नाही विचारलं. विचारायचं काय त्यात, असं वाटलं.

कापणीचा सण झाला. लिलाव रंगला, एक कोंबडा तीनदा विकला गेला आणि चौथ्यांदा बोली चालू असताना भिंतीवरून पळाला. कमिटीनं वैनीच्या मुलीची शेवटच्या वर्षाची फी मंजूर केली. पुढचा रविवार आला. मला ताप आला नाही. मी पहिल्या बाकावर जाऊन बसले. पाळकसाहेबांनी एवढंच सांगितलं, की यंदाचा फाटकाबाहेरचा हिस्सा योग्य ठिकाणी पोचवण्यात येईल. मागं थोडी कुजबुज झाली. मग आशीर्वाद, आणि लोक उठले.

वैनी मधल्या वाटेच्या कडेला बसली होती. इस्त्रीची साडी, केसांना तेल, पदर नीट दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. सगळे बाहेर गेले तरी ती तिथंच बसून होती. मला वाटलं, हिला बरं वाटतंय, जरा निवांत बसलीय. मी तिच्याकडे बघून हसलेसुद्धा. ती उठली आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेली.

पाकीट पोचवायचं काम मी मागून घेतलं होतं. मधल्या एका दुपारी गेले. वैनी घरी नव्हती. दीर बाहेर बाजेवर बसून ट्रॅक्टरच्या कसल्याशा पान्याला तेल लावत होता. तो भाड्यानं ट्रॅक्टर चालवतो.

"सलाम बाई. या, बसा," तो म्हणाला. "वैनी सिरसाळ्याला गेलीय भावाकडं. भाचीचं बाळंतपण हाय. पंधरा दिस तरी येत न्हाई."

मी पाकीट घेऊन परत जायला हवं होतं. पंधरा दिवसांनी यायला हवं होतं. पण मला ते हातावेगळं करायचं होतं, आणि पुरुष माणूस समोर असताना बाईसाठी आणलेलं पाकीट परत नेणं म्हणजे त्याचा अपमान, हे आमच्यात सगळ्यांच्याच अंगात मुरलेलं आहे. मी पाकीट त्याच्या हातात दिलं.

"कशाबद्दल म्हणायचं हे?"

आणि माझा ठराव मला आठवला. कारण सांगायचं नाही. "चर्चकडून आहे," मी म्हणाले. "घरच्यासाठी. याबद्दल कुठं बोलायचं नाही."

"बरं बरं," तो म्हणाला आणि पाकीट शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं. त्याच्या बायकोनं चहा आणला. मी चहा घेतला. परत येताना मला इतकं हलकं वाटत होतं, की कोपऱ्यावरच्या गाड्यावरून मी भाव न करता सीताफळं घेतली.

नाताळच्या आठ-दहा दिवस आधी वैनीची मुलगी मला दारात कपडे वाळत घालताना दिसली. म्हटलं, "सुट्टी लागली का गं?"

"न्हाई, बाई. सोडलं."

"सोडलं म्हणजे?"

"फी भरली न्हाई. हॉस्टेलवरून काढलं. आता पुढच्या सत्रात येत असली तर ये म्हणले." ती कपडा पिळत राहिली. "आईला इचारा."

मी तशीच अंगणवाडीत गेले. पोरं जेवून गेली होती. वैनी एकटी बसून डाळ निवडत होती. मी काही बोलायच्या आत तिनंच विचारलं, आणि तिचा आवाज अगदी सरळ होता.

"बाई, औंदा माझं नाव कावून काढलं? माझं काय चुकलं?"

"नाव काढलं नाही, वैनी. पैसे दिलेत तुम्हाला. मी स्वतः आणून दिले."

तिचा हात डाळीत थांबला. "कुणाकडं?"

"तुमच्या दिरांकडं."

तिनं डाळीचं ताट जवळ ओढलं. मग म्हणाली, "म्या त्या रविवारी साडी नेसून बसलेते. नाव आलं न्हाई. वाटलं, मंडळीनं पोरीला काढलं. काहीतरी कानावर आलं आसंल पोरीबद्दल, म्हणून काढलं. पोरीला बी इचारलं, काही केलंस का म्हणून. लई रडली ती."

"मला विचारायचं होतं ना!"

"तुमी पंच. तुमी शेजारी. तुमी सांगाल म्हणून वाट बघितली."

मी माझी बाजू सांगायला लागले. पायरी, फोटो, लाज, माझं लहानपण, निळं कापड, सगळं. मी चांगल्यासाठीच केलं होतं, हे तिला कळावं अशी माझी धडपड चालली होती. ती ऐकून घेत होती आणि डाळीतले खडे बाजूला काढत होती.

"मला पायरीची लाज न्हवती, बाई," ती म्हणाली. "लाज कशाची? म्या काय चोरलंय? साठ घरांसमोर सांगत व्हते, हे पैसे ह्या पोरीच्या शिकण्याचे. म्हणून माझ्या घरात त्याला कुणी हात लावीत न्हवतं. दीर बी तिथंच बाकावर बसून आमेन म्हणत व्हता. आमेन म्हणल्यावर पुन्ना हात कसा लावील? तुमी आणून दिलं गुपचूप. गुपचूप आलं ते गुपचूप गेलं."

शाळेत तेहतीस वर्षं बोलण्याचा पगार घेतला मी. तिच्यासमोर एक वाक्य जुळलं नाही. घरी आल्यावर मला आईचा राग आला, मेलेल्या माणसाचा येतो तसा, कुठं काढावा हे न कळणारा. आमच्याही घरी चुलते होते. वाटण्या झाल्या नव्हत्या. आई त्या पायरीवर चार वर्षं कशासाठी चढत होती, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

संध्याकाळच्या आत मी दिराला गाठलं. ट्रॉलीला नवे टायर बसवलेले होते. मी तोंडाला येईल ते बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, देवाशपथ सांगा, तुमी काय म्हणला व्हता? घरच्यासाठी म्हणला. ट्रॉली घराचीच हाय. वैनी आन पोरगी ह्याच घरात खात्यात."

"तुम्हाला माहीत नव्हतं ते कशाचे आहेत?"

"तुमी सांगितलं न्हाई," तो म्हणाला. त्याला माहीत होतं. दोन वर्षं त्याच बाकावर बसला होता तो. पण त्याला माहीत नसायची सोय मीच करून दिली होती, आणि ती तो सोडणार नव्हता.

मी वैनीला माझ्या पेन्शनमधून पैसे द्यायला गेले. तिनं हात मागं घेतला. "नको. तुमचे बी पाकिटातच येत्याल."

मग मी थोरल्या पंचांकडे गेले. एरवी त्या दारात मी मरेस्तोवर गेले नसते. त्यांनी मला बसायला सांगितलं, माझ्या कपाळाकडे बघत सगळं ऐकलं. मी वाट बघत होते की आता हे सांगतील, बघा, मी म्हणत होतो. मी त्याला उत्तरही तयार ठेवलं होतं.

"ठराव तुमचा हाय," ते म्हणाले. "बदलायचा तर बैठक लावा. पण खरं सांगू का बाई, ती पायरी कशासाठी हाय, हे मला बी आजच कळलं. बाप करीत व्हता म्हणून म्या करीत व्हतो. बरं वाटायचं वाचायला."

म्हणजे भांडायलाही त्यांनी काही ठेवलं नाही. मी चहा न घेता निघाले, आणि त्या माणसाचा मला आधीपेक्षा जास्त राग आला.

हे सगळं चालू असताना दिरानं दुसरी खटपट केली होती. पोरगी घरी बसली आहे तर उरकून टाकू. पाटोद्याचं स्थळ, मुलाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, चर्चमधलंच घर. ईस्टरनंतरची तारीख धरली. मुलीला कुणी विचारलं की नाही मला माहीत नाही. वैनी गप्प होती. ज्याच्या घरात राहायचं त्याच्या घरात किती बोलणार?

आमच्याकडे लग्नाआधी लागोपाठ तीन रविवार चर्चमध्ये मुलामुलीचं नाव वाचतात. पाळकसाहेब विचारतात, या लग्नाला कुणाची हरकत असेल तर त्यानं आत्ता सांगावं. कुणी कधी सांगत नाही. तेवढ्यात लोक पाकिटातून दानाचे सुटे काढून घेतात.

पहिल्या रविवारी नाव वाचलं. मी पंचांच्या बाकावर बसले होते. उठावं असं वाटलं, आणि मनात आलं, भर मंडळीत त्या पोरीचा तमाशा होईल. सगळे बघतील. मी उठले नाही. दुसऱ्या रविवारीही नाव वाचलं. दुसऱ्या रविवारीही मी तेच कारण स्वतःला सांगितलं. ज्या दुखण्यानं तिचं वर्ष घालवलं तेच दुखणं मी अजून उराशी धरून बसले होते, आणि त्याला दुसऱ्याच्या इज्जतीची काळजी म्हणत होते.

तिसऱ्या रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पान उलटायला घेतलं.

"हाय हरकत," मागून आवाज आला.

वैनी उठली होती. ती मधल्या वाटेनं पुढं आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. पायरीवर चढली आणि मंडळीकडे तोंड करून उभी राहिली.

"कसली हरकत?" पाळकसाहेबांनी विचारलं. बिचारे पार गोंधळले होते.

"पोरीचं येक वरीस ऱ्हायलंय शिकायचं. ते झाल्याबिगर लगीन न्हाई."

दीर उठला. "खाली ये. घरी बोलू."

"घरी म्या लई बोलले. घरी ऐकायला कोण हाय?" ती पंचांच्या बाकाकडे वळली. "औंदाचा फाटकाबाहेरचा हिस्सा कुणाच्या नावचा व्हता? सांगा. सगळ्यांसमोर सांगा."

थोरल्या पंचांनी माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या बाईंनीही माझ्याकडे पाहिलं. मी उठले आणि सांगितलं. हिस्सा हिच्या मुलीच्या शेवटच्या वर्षाच्या फीसाठी होता. मी तो नेऊन हिच्या दिराच्या हातात दिला. कशासाठी ते सांगितलं नाही, न सांगायचा ठराव माझाच होता. मुलीचं वर्ष माझ्यामुळं गेलं. एवढं बोलून मी खाली बसले. साठ घरं माझ्याकडे बघत होती.

पाळकसाहेबांनी मुलीला विचारलं, तुझं काय म्हणणं आहे? तिनं जागेवरूनच सांगितलं, "मला शिकायचंय." त्यांनी वही मिटली. त्या रविवारी लग्नाचं वाचन झालं नाही.

दीर त्या दिवशी तरातरा निघून गेला. पण गाव लहान आहे. दळणाच्या गिरणीत, पाण्याच्या टाकीवर, ट्रॅक्टरचं भाडं ठरवायला आलेल्या माणसांच्या तोंडी, जिथं जाईल तिथं त्याला लोक टायर कसे आहेत ते विचारायला लागले. मे महिना संपता संपता एका रविवारी तो पैसे घेऊन आला. उपासना संपायच्या आधी सरळ पुढं गेला, नोटा पायरीवर ठेवल्या आणि वळला.

"थांबा," वैनी बसल्या जागेवरून म्हणाली. "कशाचे हायत ते सांगा."

"माहितीय की सगळ्यांला."

"तुमी सांगा."

तो मान खाली घालून उभा राहिला. "पोरीच्या शिक्षणाचे," तो म्हणाला.

"कोणत्या पोरीच्या?"

त्यानं नाव घेतलं, पण ओठातल्या ओठात.

"ऐकू आलं नाही," मी म्हणाले.